सोडून जाण्याचा हक्क

व्हीपीएन, अँटिव्हायरस, पासवर्ड सांभाळणारं अॅप, नको ते फोन अडवणारं अॅप. आपला खासगीपणा जपण्यासाठी आता आपण दरवर्षी पैसे मोजतो. या सेवा विश्वासावर विकल्या जातात आणि त्या विश्वासाचा खरा कस सेवा बंद करताना लागतो. जी कंपनी ग्राहकाला सुखासुखी बाहेर पडू देत नाही, तिने खासगीपणाच्या कितीही आणाभाका घेतल्या तरी त्यांना किंमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सबस्क्रिप्शन रद्द करता येणं आणि न वापरलेल्या काळाचे पैसे परत मिळणं हा हिशेबातला किरकोळ मुद्दा समजला जातो. मला तो खासगीपणाच्या हक्काचाच भाग वाटतो, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तर तो रोजच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे.

हा विषय हिंजवडीतल्या आयटीवाल्यांचा, असं कारखानदारीतल्या माणसाला वाटू शकतं. पण भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचं ऑफिस पाहा. काचेच्या पार्टिशनपलीकडे दोन व्हीएमसी मशीन चालू असतात, कूलंटचा वास असतो. अलीकडे टेबलावर एकच कॉम्प्युटर. त्याच्यावरच टॅली, जीएसटीची रिटर्न्स, मालकाचं नेट बँकिंग आणि मोठ्या कंपनीकडून मेलने आलेली पार्टची ड्रॉइंग्ज. ती ड्रॉइंग्ज बाहेर फुटली तर ऑर्डर गेलीच म्हणायची. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत. जर्मन मोटार कंपन्या आपली संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या पुरवठादारांकडून टिसॅक्स या माहिती-सुरक्षेच्या तपासणीची अपेक्षा करतात. अशा अटींचा दाब साखळीतल्या लहान जॉब वर्कवाल्यापर्यंत पोचतो, आणि मग अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन ही चैन राहत नाही.

दुसरीकडे मोशी, चिखली, तळवडे, महाळुंगे इथल्या भाड्याच्या खोल्या. चौघांत एक वायफाय, तोही घरमालकाचा. पगार, पीएफ, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळं फोनवर. ‘वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडू’ असा मेसेज येतो, ओळखीतल्या कुणाचे तरी पैसे असेच गेलेले असतात, आणि त्या धास्तीत माणूस ‘पहिला महिना एक रुपयात’ लिहिलेलं बटण दाबून मोकळा होतो. ही खरेदी भीतीपोटी होते. भीती आठ दिवसांत ओसरते, पैसे मात्र कापले जात राहतात.

पूर्वी असं नव्हतं. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात उभ्या केलेल्या क्विक हीलचा डबा ज्यांनी कॉम्प्युटरच्या दुकानातून आणला असेल, त्यांना आठवेल. आत सीडी, सोबत प्रॉडक्ट की, आणि ठरावीक मुदत. मुदत संपली की स्क्रीनवर सूचना येई. हवं असेल तर दुकानदाराकडे जाऊन नवी की घ्यायची, नको असेल तर काहीच करायचं नाही. काहीच न करण्याचा अर्थ तेव्हा ‘नको’ असा होता. ऑटो-रिन्युअल आलं आणि काहीच न करण्याचा अर्थ ‘हवं’ असा झाला. ग्राहकाच्या गप्प राहण्याचा अर्थ विकणाऱ्याने स्वतःच्या सोयीने फिरवला. पुढच्या सगळ्या तंट्याचं मूळ इथे आहे.

आता बंद करायला गेलं की काय होतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू. बहुतेकांना वाटतं, फोनमधून अॅप काढून टाकलं म्हणजे संपलं. तसं होत नाही. अॅप जातं, सबस्क्रिप्शन राहतं. ते प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्सच्या पानावर जाऊन वेगळं रद्द करावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवरून घेतलं असेल तर वेबसाइटवरच जावं लागतं. तिथे ‘माझं खातं’, त्यात ‘बिलिंग’, त्यात ‘प्लॅन’, आणि पार तळाशी फिकट करड्या अक्षरांत ‘नूतनीकरण बंद करा’. ते दाबलं की लाल चिन्हासह विचारणा: तुम्हाला असुरक्षित राहायचं आहे का? तिला ‘हो’ म्हणणं भाग असतं. मग कारण विचारलं जातं, मग सवलत पुढे केली जाते, मग चॅटवर यायला सांगितलं जातं. शेवटी कळतं ते असं की नूतनीकरण थांबलं, पण रिफंड हा वेगळा अर्ज आहे आणि त्याची मुदत खरेदीपासून ३० दिवसांची होती. घ्यायला एक बोट लागलं, सोडायला सुट्टीचा अख्खा दिवस.

असं तर ओटीटीवाले आणि जिमवालेही करतात, मग खासगीपणाच्या सेवेलाच वेगळा निकष का? कारण तिचा मालच वेगळा आहे. सिनेमाची कंपनी सिनेमा विकते. व्हीपीएनवाला मात्र सांगतो की, तुझी सगळी ये-जा माझ्यामार्फत होऊ दे, मी ती कुणाला सांगणार नाही. त्याने खरोखर सांगितलं की नाही, हे ग्राहकाला तपासता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅव्हास्ट या नामांकित अँटिव्हायरस कंपनीवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची कारवाई केली. आरोप असा होता की, ऑनलाइन पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो असं सांगून कंपनीने ग्राहकांच्याच ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. ग्राहकाला आतलं काहीच दिसत नसेल, तेव्हा त्याच्या हातात एकच हत्यार उरतं: विश्वास उडाला की निघून जाणं. ते हत्यार बोथट केलं की ग्राहक कंपनीचा ओलीस होतो.

पैसे आपोआप कापत राहण्यासाठी कुणीतरी ग्राहकाची ओळख, त्याचं पेमेंटचं साधन आणि त्याचं खातं एकमेकांशी बांधून ठेवावं लागतं. म्हणजे ऑटो-रिन्युअल ही स्वतःच एक नोंदवही आहे. स्वीडनच्या मुलवॅड या व्हीपीएन कंपनीने हे ओळखलं आणि जून २०२२ मध्ये नवी सबस्क्रिप्शन्स देणंच थांबवलं. तिथे महिन्याला ५ युरो भरायचे, मुदत संपली की सेवा थांबते. खात्याला नाव नाही, ईमेल नाही, फक्त एक क्रमांक. पाकिटात रोख घालून पाठवली तरी चालते. मात्र रोखीने भरलेले पैसे परत मिळत नाहीत. या शेवटच्या अटीत एक खरी अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. रिफंड हवा असेल तर पैसे कुणाचे हे दाखवावं लागतं. पूर्ण अनामिक राहायचं असेल तर रिफंडवर पाणी सोडावं लागतं. पण ही निवड ग्राहकाने पैसे देण्याआधी, उघड्या डोळ्यांनी करायची असते. ‘आम्ही तुमच्याबद्दल काहीच साठवत नाही’ असं सांगायचं, तीन वर्षं त्याच कार्डावरून पैसे कापायचे आणि रिफंड मागताच ओळखपत्राचा फोटो मागायचा, यात ना अनामिकता मिळते ना रिफंड.

आपल्या देशात या बाबतीत सगळाच अंधार नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये आवर्ती पेमेंटसाठी ई-मँडेटचे, म्हणजे पैसे आपोआप कापण्याच्या परवानगीचे, नियम आणले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते सक्तीने लागू झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना, मँडेट देताना ओटीपीसारखी जादा पडताळणी, आणि मँडेट कधीही मागे घेण्याची सोय. त्या ऑक्टोबरमध्ये परदेशी सेवांची पेमेंट्स धडाधड अडली तेव्हा अनेकांनी बँकेला बोल लावले. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो, कारण गप्प राहणं म्हणजे होकार, या समजुतीला त्याने पहिल्यांदा अटकाव केला. पण तो चाकणच्या खोलीपर्यंत नीट पोचलेला नाही. तिसऱ्या पाळीतून सुटून झोपलेल्या कामगाराच्या फोनवर इंग्रजीत, कर्जाच्या आणि रमीच्या वीस मेसेजमध्ये आलेली सूचना नियमाचं पालन ठरते, त्याला मात्र ती कळत नाही. शिवाय १५ हजार रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या कपातीला जून २०२२ पासून पुन्हा ओटीपी लागत नाही.

विकणाऱ्यांनीही वाट काढलीच. दर महिन्याची कपात अवघड झाल्यावर दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे प्लॅन एकरकमी, दाखवायला भरघोस सवलत लावून विकायचे. आता मँडेटचा प्रश्नच नाही, पैसे आधीच गेले. भांडण नूतनीकरणावरून रिफंडवर सरकलं. तीन वर्षांच्या सेवेला ३० दिवसांची परताव्याची मुदत म्हणजे पहिल्या महिन्यानंतर ग्राहकाच्या मतपरिवर्तनाला काहीच किंमत नाही. २०२२ मध्ये यातला धोका उघड झाला. सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले की, व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची नावं, पत्ते, संपर्क क्रमांक, वापरलेले आयपी पत्ते नोंदवावेत आणि ग्राहकाने नोंदणी रद्द केल्यावरही ते पाच वर्षं जपावेत. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. ज्याने भारतातल्या सर्व्हरसाठी दोन वर्षांचे पैसे आधीच मोजले होते, त्याला मिळालेली सेवा ठरल्याप्रमाणे होती का? अशा वेळी उरलेल्या महिन्यांचे पैसे मागण्याचा हक्क कंपनीच्या मेहेरबानीवर सोडता येत नाही. आणि निर्देश पाळणाऱ्या पुरवठादाराकडे नोंदणी रद्द केल्यावरही पाच वर्षं आपलं नाव राहणार असेल, तर सरकारनेही सोडून जाण्याच्या हक्कावर अतिक्रमण केलं आहे, हे म्हटलं पाहिजे. गुन्ह्याच्या तपासासाठी माहिती लागते, हे खरं. पण संशय नसलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवणं हे त्या गरजेच्या प्रमाणात नाही, आणि २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर प्रमाणाचा विचार टाळता येत नाही.

ग्राहकाच्या बाजूचा कायदा कागदावर बराच भक्कम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. कंपनीच्या अटींत पनामाचं किंवा नेदरलँड्सचं न्यायालय लिहिलेलं असलं, तरी आकुर्डीत राहणाऱ्याने पुणे जिल्हा आयोगात जाण्याचा मार्ग बंद होत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दाखल करणं ऑनलाइन आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तेरा प्रकारचे ‘डार्क पॅटर्न’ अनुचित ठरवले. रद्द करण्याचा पर्याय लपवणं किंवा लांबलचक करणं हा सबस्क्रिप्शनचा सापळा त्यात आहे, आणि ‘असुरक्षित राहायचं आहे का’ असं विचारून ग्राहकाला खजील करणं हेही त्यात आहे. तरीही प्रकार थांबत नाहीत, कारण तीन हजार रुपयांसाठी आयोगात जायचं तर कामाचे खाडे पडतात, आणि कंपनीला ते ठाऊक असतं. जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करायला सांगितलं. ज्याने सापळा लावला त्यालाच तो शोधायला सांगून फार काही हाती लागणार नाही. प्राधिकरणाला ग्राहकांच्या मोठ्या गटाच्या वतीने स्वतःहून कारवाई करण्याचा अधिकार आहे, तो वापरावा.

कंपन्यांच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात आणि त्यांना उत्तर दिलंच पाहिजे. पहिली, दीर्घ मुदतीचा प्लॅन स्वस्त असतो तो ग्राहक टिकेल या हिशेबाने. तो मध्येच गेला तर सवलत कशाची? यावर उपाय सोपा आहे. वापरलेल्या महिन्यांचे पैसे मासिक दराने कापा आणि उरलेले परत करा. दुसरी, लोक एका दौऱ्यापुरती किंवा एका क्रिकेट स्पर्धेपुरती सेवा वापरतात आणि ३० दिवसांच्या आत सगळे पैसे मागतात. असं होतं हे खरं, पण वापराच्या प्रमाणात रिफंड दिला तर हा गैरफायदाही आपोआप संपतो. हे अशक्य नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने मॅकॅफी आणि नॉर्टन या कंपन्यांकडून लेखी हमी घेतली की, आपोआप नूतनीकरण झालेल्या ग्राहकाला करार संपवून उरलेल्या काळाचे पैसे मागता येतील. लंडनच्या ग्राहकाला जे देता येतं ते निगडीच्या ग्राहकाला देता येत नाही, याला तांत्रिक कारण नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. नूतनीकरण आपोआप झालं नाही तर संरक्षण नकळत संपेल आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवरच्या फाइली कुणीतरी कुलूपबंद करेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने चेन्नईजवळचा रेनॉ-निस्सानचा मोटार कारखाना बंद पाडला होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या व्हायरसने जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. हा धोका मी हलका लेखत नाही. पण त्यावर उपाय म्हणून ग्राहकाचा होकार गृहीत धरणं मला पटत नाही. महिनाभर आधी, पंधरा दिवस आधी आणि आदल्या दिवशी त्याच्या भाषेत विचारा. मुदतीनंतर काही दिवस संरक्षण चालू ठेवा. ज्याला ऑटो-रिन्युअल हवं असेल त्याने ते स्वतः निवडावं. वाहनाच्या विम्याची मुदत संपत आली की एजंट आठ फोन करतो, आणि पैसे भरायचे की नाही हे शेवटी गाडीचा मालकच ठरवतो. इथेही तेवढंच पुरे आहे.

या पट्ट्यातल्या लघुउद्योजकाची मात्र आणखी एक कोंडी आहे. कायद्याने ‘व्यावसायिक हेतू’साठी घेणारा ग्राहक ठरत नाही, स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी घेणाऱ्याला तेवढी सूट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉली मेडिक्युअर विरुद्ध ब्रिलिओ टेक्नॉलॉजीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, नफ्याशी निगडित कामकाज सुधारण्यासाठी सॉफ्टवेअर घेणारी कंपनी ग्राहक नव्हे. मोठ्या कंपनीपुरतं ते ठीक असेल. तिच्याकडे वकील असतो, खरेदी विभाग असतो. सात कामगारांच्या शेडच्या मालकाकडे यातलं काही नसतं. तो व्हीपीएनच्या अटी तशाच स्वीकारतो, जशा त्याच्याकडचा हेल्पर मोबाइलवर स्वीकारतो. दोघांची ताकद सारखी असताना एकाला आयोगाचं दार उघडं आणि दुसऱ्याला दिवाणी कोर्टाचा रस्ता, हे न्याय्य नाही. ठरावीक रकमेखालच्या डिजिटल सबस्क्रिप्शनपुरतं तरी सूक्ष्म उद्योगाला ग्राहक मानायला हवं.

रिफंडचे नियम धूसर असण्याचा आणखी एक तोटा आहे आणि त्याची झळ थेट खिशाला बसते. खरा परतावा कसा मिळतो हे कुणालाच ठाऊक नसेल तर खोटा परतावा खरा वाटतो. ‘तुमच्या अँटिव्हायरसचं नूतनीकरण झालं, पैसे परत हवे असतील तर या नंबरवर फोन करा’ हा जगभर चालणारा फसवणुकीचा धंदा त्यावरच उभा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीबीआयने पुण्यासह काही शहरांतल्या कॉल सेंटर्सवर छापे घातले. तिथून तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी नागरिकांना लुटलं जात होतं, असा तपास यंत्रणेचा आरोप होता. आपली माणसंही कस्टमर केअरचा नंबर सर्च करतात आणि भलत्याच्याच हाती लागतात, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करण्याची वेळ येते. पैसे परत मिळण्याचं बटण अॅपमध्येच, ठळक, एका ठिकाणी असतं तर नंबर शोधायची गरजच पडली नसती.

म्हणून मागणी नेमकी असावी. ज्या जर्मनीच्या गाड्या चाकणला बनतात, त्या देशाने १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करारांसाठी ‘रद्द करा’ हे बटण वेबसाइटवर सहज सापडेल असं ठेवणं सक्तीचं केलं आहे. तसं बटण इथेही हवं, आणि ते मराठीत हवं. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा प्रमाणात मिळावा. पैसे परत येतील त्याच मार्गाने, ज्या मार्गाने गेले; नवं ओळखपत्र मागू नये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे, हे तत्त्व स्वीकारलं आहे. तेच तत्त्व पैशाच्या कपातीला लावावं. आणि ग्राहक गेला की त्याचं कार्ड, त्याची नोंद, त्याचा मागोवा कंपनीने ठरावीक दिवसांत पुसून तसं लेखी कळवावं.

हे होईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. सेवा घेण्याआधी ती बंद कशी होते ते वाचावं, आणि ते दोन मिनिटांत सापडलं नाही तर घेऊ नये. मोठ्या मुदतीच्या सवलतीला भुलू नये. यूपीआय अॅपमध्ये जाऊन आपण कुणाकुणाला ऑटोपे दिलं आहे ते महिन्यातून एकदा पाहावं, आणि नको असलेलं मँडेट रद्द केल्यावर कंपनीलाही मेलने कळवून ठेवावं, कारण मँडेट थांबवल्याने करार संपतोच असं नाही. लघुउद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी एकत्रित खरेदी केली तर बाहेर पडण्याच्या अटी त्यांना घासाघीस करून ठरवता येतील; एकट्या शेडवाल्याला ते जमणार नाही.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ पिढ्यान् पिढ्या दुकानांच्या पावत्यांवर छापली जात होती आणि लोक ती दैवासारखी मानत होते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, ते ग्राहकाने हे मुकाट्याने मानू नये म्हणून. पुढे १९८६ चा कायदा आला, आणि १९९९ मध्ये पावतीवरची ती ओळ ही अनुचित प्रथा असल्याचं केंद्र सरकारने राज्यांना कळवलं. तो बदल दुकानदारांच्या चांगुलपणातून आला नाही. सामान्य गिऱ्हाइकांनी पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे आला. आज तीच ओळ इंग्रजी अटींच्या चौदाव्या परिच्छेदात जाऊन बसली आहे. तिथून ती हटवायचं काम या पिढीचं आहे, आणि त्याची सुरुवात खासगीपणा विकणाऱ्यांपासून व्हावी. ग्राहकाच्या गुपिताची राखण करण्याचे पैसे जे घेतात, त्यांनी त्याचा नकार ऐकण्याची तयारी सगळ्यात आधी दाखवली पाहिजे.